अंधाराचा राजपुत्र आणि रोज धावणारी एमजी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या हॉक्ली भागात जोसेफ ल्यूकस नावाचा एक गृहस्थ हातगाडीवरून केरोसीन विकत फिरत असे. सहा मुलांचा संसार होता आणि हाताला दुसरे काम नव्हते. पुढे तो दिवे विकू लागला, मग स्वतःच बनवू लागला. उंच चाकाच्या सायकलींसाठी त्याने काढलेल्या दिव्याचे नाव होते ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे रस्त्याचा राजा. १९०२ मध्ये जोसेफ निवर्तला. आज जुन्या मोटारींच्या शौकिनांत त्याचे आडनाव एका वेगळ्याच पदवीने ओळखले जाते: ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, अंधाराचा राजपुत्र. ख्रिस्ती परंपरेत हे सैतानाचे नाव आहे.

रस्त्याच्या राजाचा अंधाराचा राजपुत्र कसा झाला, हा या थ्रेडचा विषय.

ल्यूकसवरचे विनोद इंग्लंड-अमेरिकेत दोन-तीन पिढ्या चालत आले आहेत. ल्यूकसच्या स्विचला तीन अवस्था असतात: बंद, मंद आणि लुकलुक. इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांच्या घरचे फ्रिजही ल्यूकसचे असतात. (ल्यूकसची ख्याती फ्रिजसाठी कधीच नव्हती, पण विनोदाला पुरावा लागत नाही.) इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी बखर आठवावी. बखरीत सत्याचा अंश असतोच. परंतु तो किती आणि कोणता, हे ठरवायला अस्सल कागद लागतो. येथे तो कागद उपलब्ध आहे. मोटारीच्या कारखान्याने छापलेला वायरिंगचा नकाशा हाच तो कागद, आणि ज्या मोटारीत तो आजही जिवंत आहे ती म्हणजे एमजीबी.

एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आले. एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली आणि १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. उघड्या टपाची आणि बंद टपाची मिळून पाच लाखांहून अधिक वाहने तयार झाली. त्यांतील बहुसंख्य परदेशी, मुख्यतः अमेरिकेत गेली. दोन आसने, १७९८ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन, ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचा वेग. श्रीमंतांच्या फेरारीशी तिची तुलना करू नये. शिक्षक, कारकून, नुकताच नोकरीला लागलेला तरुण यांना परवडावी अशी ती स्पोर्ट्‌स कार होती, आणि तिच्या वायरिंगचा सगळा इतिहास या एका गोष्टीशी बांधलेला आहे.

आता थोडे ल्यूकसकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कंपनीने प्रतिस्पर्धी एकामागून एक गिळले. १९२६ मध्ये रोटॅक्स आणि सीएव्ही या दोन मोठ्या कंपन्या तिने घेतल्या. १९३० च्या सुमारास मीटर बनवणाऱ्या स्मिथ्स कंपनीशी समझोता झाला, की एकाने दुसऱ्याच्या बाजारात पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश मोटार म्हटली की तिच्यातील डायनॅमो, स्टार्टर, दिवे, स्विच यांवर बहुधा ल्यूकसचेच नाव असे. १९६३ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने वाहनांच्या विद्युत सामग्रीच्या पुरवठ्यावर स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. मक्तेदाराच्या अंगी सैलपणा येतो, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही.

कारण हीच कंपनी अडाणी मुळीच नव्हती. फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनांसाठी ज्वलनकक्षांचे अवघड काम ल्यूकसनेच केले. जो कारखाना विमानाच्या इंजिनात ज्वाला स्थिर ठेवू शकतो, त्याला मोटारीचा दिवा पेटता ठेवता येत नव्हता, असे मानणे कठीण आहे. ‘कामगार आळशी होते’ हे दुसरे उत्तरही चटकन दिले जाते. त्या कामगारांचा इतिहास पाहावा. १९३० च्या दशकाच्या आरंभी ल्यूकसने घड्याळ लावून काम मोजण्याची ‘बेदो’ पद्धत आणली, तेव्हा कारखान्यातील हजारो स्त्रिया काम थांबवून बाहेर पडल्या आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्यांतील जेसी ईडन हे नाव ‘पीकी ब्लाइंडर्स’ मालिका पाहिलेल्यांना ओळखीचे वाटेल. ती काल्पनिक व्यक्ती नव्हे. तिच्यावर घड्याळ लावले गेले ते ती मंद होती म्हणून नव्हे, तर तिचा हात सर्वांत जलद चालत असे म्हणून.

मग दोष कोठे होता? एमजीबीचे बोनेट उघडावे.

सुरुवातीच्या एमजीबीत संपूर्ण मोटारीला चालते फ्यूज दोनच आहेत. हेडलाइटला तर फ्यूजच नाही. हेडलाइटचा सगळा करंट रिलेविना थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डीपरच्या स्विचमधून जातो. इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, वायपर, हीटरचा पंखा आणि पेट्रोलचा काटा यांचा भार एकाच फ्यूजवर आहे. हे अज्ञान नव्हे, काटकसर आहे. रिले तेव्हा होते, जास्त फ्यूजही बसवता आले असते. परंतु प्रत्येक रिलेमागे काही शिलिंग वाढतात आणि लाखो गाड्यांचा हिशेब मांडणारा कारकून त्यांवर रेघ मारतो. ल्यूकसने बनवले ते मोटार कंपनीने मागितले त्या किमतीत. मोटार कंपनीने मागितले ते गिऱ्हाईक देईल त्या किमतीत. दहा-बारा वर्षांत भंगारात जाईल अशा हिशेबाने बांधलेली गाडी साठाव्या वर्षी पावसात, रात्री, कामावरून घरी परतण्यासाठी वापरली जाईल, असे अ‍ॅबिंग्डनमध्ये कोणाच्या स्वप्नातही नसावे.

आणि तरीही ती वापरली जाते. ब्रिटनमध्ये आजही काही मंडळी एमजीबी रोजची गाडी म्हणून चालवतात. चाळीस वर्षांवरील आणि मूळ रूप फारसे न बदललेल्या मोटारींना तेथे २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. म्हणजे दिवे लागतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी मालकाच्या शिरावर आली. अशा मालकाला इतिहासकाराचीच शिस्त अंगी बाणवावी लागते: आधी साधने वाचायची, मग निष्कर्ष काढायचा.

नकाशा वाचणे मात्र वाटते तितके अवघड नाही. ब्रिटिश मोटारींत तारांच्या रंगांना ठरलेला अर्थ होता. तपकिरी तार थेट बॅटरीची, नेहमी जिवंत, फ्यूजविना. पांढरी तार चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली. जांभळी नेहमी जिवंत, पण फ्यूजमधून. निळी हेडलाइटची, लाल बारीक दिव्यांची, काळी अर्थची. दोन रंगांची तार असेल तर मुख्य रंग घराणे सांगतो आणि बारीक रेघ शाखा सांगते: निळ्यावर पांढरी रेघ असेल तर लांबचा झोत, लाल रेघ असेल तर जवळचा. मोडी वाचायला शिकलेल्यास ही लिपी एका दुपारी यावी.

लिपी आली की पुष्कळसे ‘चमत्कार’ विरघळतात. चालत्या गाडीचे इंडिकेटर, वायपर आणि ब्रेकचे दिवे एकदम गेले तर तो तीन यंत्रांचा मृत्यू नव्हे. हिरव्या तारांना पोसणारा एकच फ्यूज गेला आहे. येथे एक सापळाही आहे. जुन्या ल्यूकस फ्यूजवरचा ३५ अँपिअर हा आकडा तो कितीवर वितळेल हे सांगतो. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता सुमारे १७ अँपिअरच आहे. आजच्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत क्षमतेचा असतो. आकडा जुळतो म्हणून नवा ३५ चा फ्यूज बसवला, तर संरक्षण निम्म्यावर येते आणि फ्यूजऐवजी तार जळते. शब्द तोच राहून अर्थ बदलल्याने जुन्या कागदाचे चुकीचे वाचन होते, तसाच हा प्रकार.

सर्वांत गाजलेले भूत मात्र वेगळे आहे. उजवा इंडिकेटर द्यावा आणि मागचा लाल दिवाच त्याच्या तालावर मिणमिणावा. ब्रेक दाबावा आणि भलताच दिवा मंद पेटावा. अनेकांना वाटते, वायरिंग आतून जळून एकमेकांत मिसळले. खरे कारण बहुधा अर्थमध्ये असते. मोटारीत करंट तारेने जातो आणि परत येतो तो लोखंडी अंगातून. दिवा जेथे अंगाला टेकतो तेथे साठ वर्षांत गंज चढतो, रंगाचा थर बसतो, परतीची वाट बंद होते. करंट मग शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटा शिरतो आणि तेथून घरी जातो. त्या दोन दिव्यांच्या वाट्याला अर्धे-अर्धे व्होल्टेज येते, दोन्ही मिणमिणतात. उपाय म्हणजे पॉलिश पेपरने जागा घासून उघडे, चकचकीत लोखंड काढणे आणि स्क्रू पुन्हा आवळणे. एकही नवा भाग लागत नाही.

हेडलाइट पिवळट पडण्याचे कारणही याच घराण्यातले. एमजीबीच्या तारा जोडल्या आहेत त्या बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या लहान पितळी टोकांनी; अशी दोन टोके रबराच्या नळीत बसवलेल्या धातूच्या पुंगळीत दोन्ही बाजूंनी खुपसलेली असतात. नवेपणी ही जोडणी उत्तम होती. ओल शिरली की पितळ हिरवे पडते, पुंगळी गंजते आणि प्रत्येक जोडावर थोडे थोडे व्होल्टेज सांडते. दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. एक-दीड व्होल्टची गळती रात्रीच्या रस्त्यावर चांगलीच जाणवते. येथे मल्टिमीटर लागतो, पण तो बॅटरीवर लावून ‘बारा आहेत, सगळे ठीक’ म्हणणे व्यर्थ. दिवा पेटलेला असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबाला आणि दुसरे त्याच वाटेवरच्या दिव्याच्या टोकाला लावावे. जो आकडा दिसतो तो त्या वाटेत हरवलेल्या व्होल्टेजचा. मग एकेक जोड मागे सरकत मोजत यावे. जेथे आकडा एकदम गळतो तेथे चोर सापडतो.

रोज चालवणारा माणूस बहुधा येथे दोन रिले आणि हेडलाइटचे फ्यूज वाढवतो. जुना स्विच तसाच राहतो. त्याच्यातून आता फक्त रिलेला इशारा देण्याइतका करंट जातो. अ‍ॅबिंग्डनच्या कारकुनाने वाचवलेले शिलिंग असे साठ वर्षांनी खर्ची पडतात.

१९६७ पूर्वीच्या एमजीबीत आणखी एक गोष्ट आजच्या माणसाला चक्रावते. बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. आज सर्वत्र ऋण टोक अंगाला असते. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत धन अर्थ हीच रीत होती. तिच्यामुळे तारांची टोके कमी झिजतात अशी समजूत होती. ती रीत चूक म्हणण्याचे कारण नाही, सगळी गाडी तिच्याशी सुसंगत बांधली आहे. अपघात होतो तो नव्या काळातील वस्तू आत आणल्यावर. आजचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर आपले धातूचे कवच ऋण समजतो. ते कवच धन अंगाला टेकले की शॉर्ट. मालक मग ल्यूकसला शिव्या घालतो. त्या बिचाऱ्याचा येथे काडीचाही दोष नसतो.

खरी मर्यादा डायनॅमोची होती. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बसणारा ल्यूकसचा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि तेही इंजिन जोरात फिरत असताना. पावसाळी संध्याकाळी दोन हेडलाइट आठ-नऊ अँपिअर खातात. मागचे दिवे, वायपर, हीटरचा पंखा, इग्निशन, पेट्रोल पंप मिळून जवळजवळ तितकेच आणखी. सिग्नलला गाडी थांबली की डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मंद पेटतो आणि सगळे ओझे बॅटरीवर येते. १९६२ मध्ये मोकळ्या रस्त्यांवर हे खपून गेले. आजच्या लंडनच्या वाहतुकीत खपत नाही. म्हणून पुष्कळ दैनंदिन चालक डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात, जो कारखान्याने १९६७ मध्ये स्वतःच बसवायला सुरुवात केली होती. दोष शोधताना यंत्र आणि त्याच्यावर पडलेला काळ यांना वेगळे काढता आले पाहिजे. या एका प्रसंगात मात्र ते दोन्ही दोषी आहेत.

तो विनोद अमेरिकेत एवढा का फोफावला, याचेही उत्तर आता देता येते. इंग्लंडमध्ये ज्याच्याशी तुलना करावी असे दुसरे काही सामान्य माणसाच्या हाती नव्हते. शेजाऱ्याच्या गाडीतही ल्यूकसच होता. अमेरिकेत तशी स्थिती नव्हती. तेथे १९७० च्या सुमारास जपानची डॅटसन २४०झेड आली. तीही परवडणारी स्पोर्ट्‌स कार, पण पावसात चालू होणारी. तेथील मालकाच्या अंगणात त्या वेळी आठ-दहा वर्षांची, दोन-तीन हातांतून गेलेली, ज्याला त्याला सुचेल तशी दुरुस्त केलेली एमजी उभी होती. नवी जपानी गाडी आणि जुनी इंग्रजी गाडी यांची ती तुलना न्याय्य नव्हती. परंतु विनोद जन्मतात ते अशाच तुलनेतून.

भारतात मात्र हा विनोद रुजला नाही, हे लक्षणीय आहे, कारण ल्यूकस येथे घरोघरी होता. १९६१ मध्ये टीव्हीएस उद्योगसमूहाबरोबर ल्यूकस-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या पाडी येथे तिचा कारखाना उभा राहिला. आपली अ‍ॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच ‘बी’ घराण्यातले. एक सरकारी साहेबांच्या दिमतीला लागले, दुसरे इंग्लंडच्या वळणदार रस्त्यांवर धावले, इतकाच फरक. पण आपल्याकडे गाडी रोज चालत असे आणि नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन ब्रश बदलणे, आर्मेचर पुन्हा गुंडाळणे, जोड घासणे ही कामे सहज करी. बिघाड ही तेथे नेहमीची बाब होती, तिच्यावर हसण्याइतके नवल कोणाला वाटत नसे.

रोज चालवण्याने गाडी झिजते, हे उघड आहे. म्हणूनच संग्राहकांचा एक मोठा वर्ग म्हणतो, की जुनी गाडी झाकून ठेवावी, वर्षातून एकदा मेळाव्याला न्यावी. अल्टरनेटर, रिले वगैरे म्हणजे अस्सल दस्तऐवजावर बॉलपेनने केलेल्या दुरुस्त्या, असा त्यांचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुधारणांच्या नावाखाली कापलेल्या आणि फेकलेल्या मूळ तारा परत मिळत नाहीत, आणि पन्नास वर्षांनी १९६२ ची गाडी खरोखर कशी होती हे सांगणारे एकही वाहन उरले नाही तर तो तोटा मोठाच आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या ट्यूरिन चार्टरने या वादात समंजस मार्ग काढला. वाहन चालते ठेवणे हाही जतनाचाच भाग मानला जातो. बदल करावे लागले तर ते कमीत कमी, नोंद ठेवून आणि परत काढता येतील असे करावेत. रिले या कसोटीला उतरतो. त्याच्या तारा मूळ जोडांमध्येच खुपसता येतात आणि उद्या काढूनही घेता येतात. डॅशबोर्ड कापून बसवलेला स्पीकर उतरत नाही.

झाकून ठेवणाऱ्यांच्या विरोधात एक तांत्रिक साक्षही आहे, आणि ती आसनाच्या मागून, गाडीच्या पोटाखालून येते. एमजीबीचा एसयू पेट्रोल पंप विजेवर चालतो. आतले दोन संपर्कबिंदू मिटतात-उघडतात आणि पडदा हलतो. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की त्या बिंदूंवर पापुद्रा धरतो, पंप मुका होतो. मग मालक मागच्या चाकाशी वाकून पान्याच्या मुठीने पंपावर हलकेच ठोकतो, पापुद्रा तुटतो, पंप पुन्हा बोलू लागतो. ल्यूकसच्या नावावर खपलेल्या कथांत या ठोकाठोकीची कथाही आहे, वास्तविक पंप दुसऱ्याच कंपनीचा. स्विचचेही तसेच: रोज सरकणारे संपर्क एकमेकांना घासून स्वच्छ राहतात, पडून राहिलेले काळवंडतात. झाकलेल्या गाडीत हे बिघाड वाढत जातात आणि रोजच्या गाडीत ते फारसे दिसतच नाहीत.

ल्यूकस कंपनी आज त्या रूपात नाही. १९९६ मध्ये ती एका अमेरिकी कंपनीत विलीन झाली, तीन वर्षांनी तीही दुसऱ्या कंपनीने घेतली. एमजी हे नाव चिनी मालकीचे आहे आणि गुजरातमधील हालोलच्या कारखान्यातून त्या नावाच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर येतात. त्यांच्या वायरिंगला संगणक लावल्याशिवाय हात घालता येत नाही. जुन्या एमजीबीला मात्र नकाशा, मीटर, पॉलिश पेपर आणि थोडा धीर एवढे अजून पुरते. इंग्लंडमध्ये सकाळी कामावर निघालेला तिचा चालक चावी अर्धी फिरवतो आणि थांबतो. मागून पंपाची टिकटिक ऐकू येते, आधी भराभर, मग सावकाश. ती मंदावली की दोन्ही कार्ब्युरेटर भरले असे समजायचे, आणि मग स्टार्टर फिरवायचा.